कुत्र्यांची खाऊ-खेळणी घाऊक घेताना : सोलापुरातल्या दुकानदाराला सविस्तर उत्तर

विजापूर रोडला नुकतंच पेट शॉप टाकलेल्या एका तरुण दुकानदाराने विचारलं आहे : "आत खाऊ भरायचा आणि कुत्र्याने ढकलून, चावून, चाटून तो बाहेर काढायचा, अशा खेळण्यांचे पाचशे नग एकदम उचलायचे आहेत. चीनहून थेट मागवू, की मुंबईच्या होलसेलरकडून घेऊ? कुठला माल घेऊ? आणि मुळात सोलापुरात हे खपेल का?"

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीची उत्तरं त्यावरच ठरतात. खपेल, पण ते 'पझल टॉय' म्हणून खपणार नाही. गिऱ्हाईक तुमच्याकडे येऊन म्हणेल, "आमचा लॅब चपला फाडतो, सोफा कुरतडतो, दिवसभर भुंकतो, काय करू?" होटगी रोडला, जुळे सोलापुरात फ्लॅट वाढले, दोघंही नोकरीला जाणारी घरं वाढली. मार्च संपला की सकाळी नऊनंतर कुत्र्याला बाहेर नेता येत नाही, डांबराने पंजे भाजतात. संध्याकाळी ऊन उतरेपर्यंत कुत्रा घरात कोंडलेला असतो. अंगात रग असलेल्या कुत्र्याला एवढा रिकामा वेळ मिळाला की तो स्वतःच काम शोधतो, आणि ते काम म्हणजे तुमची चप्पल. जेवणाचा एखादा भाग खेळण्यातून दिला की वाटीतलं जेवण जे मिनिटभरात संपतं, त्यालाच वीस-पंचवीस मिनिटं लागतात. हुंगणं, विचार करणं, पंजा मारणं यात तो दमतो आणि नंतर शांत झोपतो. ही गरज खरी आहे. त्यामुळे माल चांगला असला तर गिऱ्हाईक परत येतं आणि शेजाऱ्यालाही पाठवतं.

आता पाचशे नगांचं. नवीन दुकानाने एका दमात पाचशे घेऊ नयेत. साठ-सत्तर नग, चार प्रकार, त्यातही मोठा साइज जास्त, एवढ्यावर सुरुवात करा. पहिल्या दोन-तीन महिन्यांत कोणता नग परत येतो, कशाला दात लागतात, कुठला साइज पडून राहतो हे तुमच्याच दुकानात कळेल. तसं कळणं कुठल्याही कॅटलॉगमध्ये मिळत नाही. घाऊक भावाचा मोह कुठे फसतो ते हिशोबातच पाहा. समजा 110 रुपयांनी 300 नग घेतले, 33,000 गेले. त्यातले 40 नग फाटके, चिकट किंवा बदलून द्यावे लागणारे निघाले, तर विकण्याजोगे 260 उरले आणि नग पडला जवळजवळ 127 ला. शिवाय ज्याच्या कुत्र्याने पहिल्याच दिवशी तुकडा तोडला, ते गिऱ्हाईक गेलं ते वेगळंच. म्हणून माझा सगळा भर नगाच्या भावावर नाही. रबर, भोकं आणि साइज या तीन गोष्टींवर आहे.

त्याआधी आत काय भरलं जाणार आहे हे ठरवा. मोठ्या शहरांतले विक्रेते खेळण्याबरोबर तीनशे-चारशेची ट्रीटची पाकिटं विकतात. आपल्याकडे दर महिन्याला पाकीट घेणारी घरं कमी. सोलापुरी घरात कुत्र्याला भाकरी, चपाती, भात, उकडलेलं चिकन, अंडं आणि जोडीला डॉगफूड मिळतं. म्हणून भोक असं हवं की त्यातून डॉगफूडचे दाणेही पडतील आणि भाकरीचे तुकडेही. लहान भोकाचे ट्रीट बॉल बारीक दाण्यांसाठी ठीक असतात, पण लॅब-जर्मन शेफर्डसाठीचे मोठे दाणे त्यात अडकतात, आणि अडकलेलं खेळणं कुत्रा दोन मिनिटांत सोडून देतो. चकती फिरवून भोक लहान-मोठं करता येतं असे बॉल मिळतात, ते ठेवा, पण हवेसाठी दुसरं भोक असलेलेच (कारण पुढे सांगतो). कडक भाकरी यासाठी फार उत्तम. बिनमिठाची ज्वारीची कडक भाकरी मोडून नखाएवढे तुकडे केले की ते आत खडखडतात, आणि त्या आवाजानेच कुत्रा मागे लागतो. नुसती ताजी चपाती मात्र चुरगळून आत चिकटते, नंतर कुजते.

काय भरायचं नाही हे गिऱ्हाइकाला प्रत्येक वेळी सांगा, जमल्यास छोटा मराठी कागद छापून बरोबर द्या. पहिलं नाव बेदाण्याचं. पंढरपूर भागातला बेदाणा आपल्याकडे घरोघरी असतो आणि माणसं प्रेमाने मूठभर कुत्र्याला टाकतात. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडांना घातक ठरू शकतात, आणि किती खाल्ल्यावर ठरतील याचा नेम नाही. आपली शेंगा चटणी अजिबात नको, त्यात लसूण, मीठ, तिखट असतं, आणि कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. चॉकलेट नको. पीनट बटर चालतं, पण डब्यावर झायलिटॉल हा गोडवा लिहिलेला असेल तर तो डबा कुत्र्याला विष आहे. साधा मार्ग म्हणजे घरचे भाजलेले बिनमिठाचे शेंगदाणे मिक्सरला फिरवून त्याची पेस्ट आत चोपडायची, थोडीच.

प्रकारांबद्दल. पोकळ रबरी खेळणं हा या धंद्याचा कणा आहे. त्याचा जो नमुना सगळं जग नकलतं तो 'काँग' या अमेरिकन कंपनीचा. 1976 च्या सुमारास कोलोरॅडोतल्या जो मार्कहॅम यांचा जर्मन शेफर्ड दगड चावून दात झिजवायचा. त्याच्यासमोर फोक्सवॅगन गाडीच्या सस्पेन्शनचा रबरी भाग आला आणि त्याने दगड सोडले, त्यावरून हा आकार निघाला. एकावर एक बसवल्यासारखे तीन गोळे असल्यामुळे ते टप्पा वेडावाकडा घेतं, कुठे उडेल हे कुत्र्याला सांगता येत नाही. त्यांच्याकडे रबराचा कडकपणा रंगावरून ओळखता येतो : पिल्लांसाठी फिकट निळा-गुलाबी, साधा तो लाल, जबरी चावणाऱ्यांसाठी काळा. नकला करणारे रंग तेवढे उचलतात, रबर तेच एक वापरतात. काळा आहे म्हणून कडक आहे असं होलसेलरने सांगितलं तरी हाताने तपासल्याशिवाय मान्य करू नका. आणि नक्कल मालावर खऱ्या ब्रँडचं नाव छापलेलं असेल तर तो माल दुकानात आणूच नका, ट्रेडमार्कची कारवाई किरकोळ दुकानदारावरही होते.

दुसरा प्रकार लोळणारे ट्रीट बॉल, तिसरा चाटायची मॅट, म्हणजे जिच्यावर मऊ खाऊ चोपडून कुत्र्याला चाटायला द्यायचा ती, चौथा सरकत्या झाकणांचे प्लॅस्टिकचे पट. पटांमध्ये स्वीडनच्या नीना ओटोसन यांची रचना नावाजलेली आहे आणि त्यांच्या पटांना अवघडपणाच्या पायऱ्या असतात. पण हे पट मालकाने समोर बसून खेळवायचे असतात. सुट्या खुंट्या, सुटी झाकणं असलेला पट कुत्र्याजवळ एकटा ठेवून माणूस कामावर गेला तर संध्याकाळी खुंटी पोटात असते. म्हणून सुटा भाग नसलेलेच पट घ्या आणि थोडेच घ्या. चाटायची मॅट पगसारख्या चपट्या तोंडाच्या आणि म्हाताऱ्या कुत्र्यांना सोयीची पडते. आपल्या भागातला कारवानी मात्र लांब, निमुळत्या तोंडाचा. त्याचं थोबाड अरुंद खेळण्यात खोलवर जातं आणि जबडा अडकण्याची भीती असते, त्याला मोठ्या तोंडाचं, उथळ खेळणं दाखवा.

रंगाचं एक वाक्यात सांगतो : कुत्र्याला निळा आणि पिवळा नीट दिसतो, लाल त्याला मातकट दिसतो, तेव्हा निवड असेल तर निळा-पिवळा मागवा.

सॅम्पल हातात आल्यावर काय करायचं हे सविस्तर सांगतो, कारण घाऊक खरेदीतलं खरं काम हेच आहे. आधी वास घ्या. पॉलिथीनमधून काढल्या काढल्या नाही, अर्धा तास उघडं ठेवून. चांगल्या रबराला रबराचाच वास येतो. तेलकट, रॉकेलसारखा वास येत असेल, किंवा तो झाकायला व्हॅनिलाचा उग्र सुगंध घातला असेल, तर बाजूला ठेवा. मग अंगठ्याचं नख पूर्ण जोर देऊन रोवा. नखाचा खड्डा पडला आणि लगेच भरून आला तर ठीक. अजिबातच पडला नाही तर ते फार कडक आहे, दाताचा टवका उडू शकतो. खड्डा पडून तसाच राहिला तर लॅब ते तासाभरात चघळून संपवेल. मग बोट शिवणीवरून, म्हणजे साच्याचे दोन भाग जुळतात त्या रेषेवरून, फिरवा. तिथे पातळ पापुद्रा राहिला असेल तर कुत्रा दाताने तिथूनच सोलायला लागतो. शेवटी एका नगाचा बळी द्या. पात्याने त्याचा काप काढा. आत बुडबुडे दिसले, भिंत एका बाजूला जाड नि दुसऱ्या बाजूला पातळ असली, काप दुमडल्यावर भेगा पडल्या, तर तो साचा किंवा ते मिश्रण खराब आहे. विक्रेता "बघा किती वजनदार नग आहे" म्हणेल. वजनावर जाऊ नका, रबर हलकं असतं आणि त्यात स्वस्तात मिसळलेली खडूपूडसारखी भरती जड असते.

आता भोकं. गोल चेंडू आणि त्याला एकच भोक, असं खेळणं घेऊच नका. कुत्रा त्यात जीभ घालून चोखतो, आतली हवा खेचली जाते, पोकळी तयार होते आणि जीभ आत अडकते. ती सुजली की बाहेर निघत नाही. जीभ कापावी लागल्याच्या घटना परदेशात झाल्या आहेत आणि अशी खेळणी बाजारातून परत घेतली गेली आहेत. दुसऱ्या बाजूला हवेसाठी भोक असणं ही चैन नाही, त्यावर जनावराचा जीव अवलंबून असतो. पोकळ खेळण्याला वरचं मोठं तोंड असतं आणि तळाला छोटं भोक असतं, त्या छोट्या भोकातून सुई नव्हे, पेन्सिल आरपार गेली पाहिजे. पुष्कळ नकलांमध्ये तळाचं भोक नुसतं खुणेपुरतं असतं, रबराने अर्धवट बुजलेलं. प्रत्येक कार्टनमधून पाच-सहा नग काढून हे तपासा.

साइजचा नियम सोपा आहे : अख्खं खेळणं कुत्र्याच्या सुळ्यांच्या मागे तोंडात मावता कामा नये. दोन साइजमध्ये शंका आली तर मोठा द्या. सोलापुरात लॅब, जर्मन शेफर्ड, रॉटवायलर पुष्कळ, त्यामुळे एकूण मालात निम्म्याहून जास्त मोठा साइज ठेवा. होलसेलर मधला साइज गळ्यात मारतो, कारण तो त्याच्याकडे पडून असतो.

धुण्याचाही विचार इथेच करा. आपल्याकडे नळाला पाणी काही दिवसांआड येतं, साठवलेल्या पाण्यातून खेळणं घासत बसायला कोणाला वेळ आहे? तोंड रुंद, आतून गुळगुळीत, तांब्याभर पाण्यात निघेल असं खेळणं हवं. कानाकोपरे असलेल्या खेळण्यात उन्हाळ्यात दही-भात दोन तासांत आंबतो आणि मुंग्या येतात. सोबत बाटली धुवायचा ब्रश ठेवा, तो हमखास जातो. उन्हाळ्यात बिनमिठाचा दही-भात किंवा चिकनचं पाणी भरून फ्रीझरला रात्रभर ठेवून दिलं तर कुत्रा गार फरशीवर पुढच्या पंजांत धरून बराच वेळ चाटत बसतो. तळाचं भोक गाजराच्या तुकड्याने बुजवून मग भरा आणि उभं ग्लासात ठेवा, म्हणजे सांडत नाही; कुत्र्याला देण्याआधी मात्र तो तुकडा काढून भोक मोकळं करा. हे गिऱ्हाइकाला करून दाखवलं की विक्री होते. तोंडी वर्णनाने होत नाही.

माल कुठून? या संख्येला चीनहून थेट आयात परवडत नाही. कारण नगाचा भाव नव्हे, ठरलेले खर्च. मोठ्या साइजचे पाचशे नग मिळून साधारण अर्धा-पाऊण घनमीटर होतात, आणि सामायिक कंटेनरमध्ये सहसा कमीत कमी एक घनमीटरचं भाडं लागतं. त्यावर न्हावा-शेव्याचे हाताळणी खर्च, कस्टम एजंटची फी, कस्टम ड्यूटी, तिच्यावरचा अधिभार, आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी), मग सोलापूरपर्यंतचं ट्रान्सपोर्ट. शिवाय आयात-निर्यात कोड काढावा लागतो, कारखाना रंगागणिक किमान संख्या मागतो, आणि बहुतेक जण 30 टक्के आधी, बाकीचे माल जहाजावर चढण्याआधी घेतात. माल खराब निघाला तर परत पाठवणं अशक्यच. दोन-तीन हजार नगांची खात्रीची विक्री झाली, किंवा लातूर, धाराशिव, विजयपूरचे दुकानदार मिळून ऑर्डर काढणार असतील, तेव्हा हा विषय काढा.

आत्ता मुंबई-भिवंडीचे आयातदार, पुण्याचे डिस्ट्रिब्युटर आणि हैदराबाद, या तीन बाजूंनी भाव काढा. पुणे साधारण अडीचशे किलोमीटर, हैदराबाद तीनशेच्या आसपास आणि दोन्ही एकाच महामार्गावर, त्यामुळे रात्री ट्रॅव्हल्सला टाकलेलं पार्सल सकाळी मिळतं. हैदराबादचा भाव घ्यायला आपली माणसं विसरतात, विसरू नका. क्रॉफर्ड मार्केटला एकदा स्वतः जाऊन प्रकार बघून या, पण तिथल्या पहिल्या भावाला घाऊक भाव समजू नका, त्याच्या मागचा आयातदार शोधा. इंडियामार्टवर 'मॅन्युफॅक्चरर' लिहिणारे कित्येक जण व्यापारीच असतात. साच्याचा फोटो आणि चालू मशीनचा व्हिडिओ मागितला की कळतं.

बोलणी करताना भाव पाडण्याआधी तीन गोष्टी कागदावर घ्या. फाटका, बुजलेल्या भोकाचा, पापुद्रा राहिलेला नग पंधरा दिवसांत बदलून मिळेल. पुढच्या लॉटचं रबर सॅम्पलसारखंच असेल, आणि म्हणून सॅम्पलचा एक नग दोघांच्या सहीचा तुमच्याकडे सीलबंद राहील. न खपलेला साइज ठरलेल्या मुदतीत बदलून मिळेल. हे मान्य करणाऱ्याला नगामागे पाच-सात रुपये जास्त द्या.

टेस्ट रिपोर्ट मागा. मुलांच्या खेळण्यांना 1 जानेवारी 2021 पासून आयएसआय मार्क सक्तीचा आहे, पण तो हुकूम 14 वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांपुरता आहे. कुत्र्याच्या खेळण्याला तशी सक्ती नाही, म्हणजे तुमच्याआधी कोणी तपासलेलं असेलच असं नाही. चांगले कारखाने मुलांच्या खेळण्यांचीच चाचणी, युरोपची ईएन 71 किंवा आपली आयएस 9873, स्वखुशीने करून घेतात. शिसं-कॅडमियम हे विषारी धातू आणि थॅलेट, म्हणजे प्लॅस्टिक मऊ करायची रसायनं, या दोन नोंदी पाहा. रिपोर्टवरचा फोटो तुमच्याच मॉडेलचा आहे का हे बघा, आणि रिपोर्ट नंबर प्रयोगशाळेकडून पडताळून घ्या.

बिल पक्कंच घ्या. बिलावर मुलांच्या खेळण्यांचा 9503 हा एचएसएन कोड (कर ठरवण्यासाठीचा मालाच्या वर्गाचा आकडा) टाकून कर कमी दाखवणारे भेटतात. हा कोड कस्टम टॅरिफच्या ज्या प्रकरणात येतो त्याच्या टिपांतच लिहिलं आहे की खास प्राण्यांसाठी बनवलेली खेळणी त्यात येत नाहीत, ती ज्या पदार्थाची बनली त्याच्या कोडखाली जातात : रबर असेल तर 4016, प्लॅस्टिक असेल तर 3926. तुमच्या सीएला बिल दाखवून घ्या, नंतर फरक तुमच्याच अंगावर येतो. पाकिटावर एमआरपी, आयातदाराचं नाव-पत्ता, कोणत्या देशातला माल, महिना-वर्ष आणि तक्रारीसाठी संपर्क हे छापलेलं हवं. कोऱ्या पॉलिथीनमधला माल स्वस्त पडतो, पण वजनमापे खात्याचा निरीक्षक आला तर दंड दुकानात भरावा लागतो.

एक प्रकार मात्र बाहेरून आणूच नका, तो इथेच बनवून घ्या : हुंगायची मॅट. जाळीच्या रबरी पायपुसण्याला कापडाच्या पट्ट्या दाट गाठून त्यात दाणे लपवायचे. कापडाचं शहर आहे आपलं. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतून कटपीस किलोवर मिळतो, आणि बचत गटातल्या बायका हे काम सफाईने करतात. पण टर्किश टॉवेलच्या पट्ट्या वापरू नका. आपल्या टॉवेलची ओळखच त्याच्या फासांच्या विणीत आहे, आणि ते फासे नखात अडकून उसवतात. लांब धागा गिळला गेला तर आतडी गोळा होऊन ऑपरेशनची पाळी येते. कडा न उसवणारं फ्लीस घ्या, पट्टी दोन बोटं रुंद आणि वीतभर लांब ठेवा, गाठ दुहेरी मारा. मॅट खेळून झाली की उचलून ठेवायची, चघळायला द्यायची नाही, हे विकताना सांगा.

साठवणीची काळजी घ्या. पत्र्याच्या खोलीत एप्रिल-मेमध्ये टीपीआरचे (उष्णतेने मऊ होणाऱ्या कृत्रिम रबराचे) नग एकमेकांना चिकटतात, रंग एकाचा दुसऱ्याला लागतो, पृष्ठभागावर तेल सुटतं. नैसर्गिक रबर उन्हाने आणि हवेने तडकतं, म्हणून शोकेसच्या उन्हाकडच्या काचेत नग मांडू नका. तळमजल्यावर, अंधाऱ्या कपाटात, कागदात गुंडाळून ठेवा, आणि जुना माल आधी काढा.

ऑर्डर फेब्रुवारीच्या सुरुवातीला द्या, म्हणजे उन्हाळ्याआधी माल तपासून लागेल. त्या सुमारास चिनी नववर्षामुळे तिकडचे कारखाने काही आठवडे बंद असतात, तेव्हा आयातदाराकडे माल गोदामात आहे की 'येतोय' हे आधी विचारा. दुसरी ऑर्डर दिवाळीच्या महिनाभर आधी. फटाक्यांच्या रात्री आतल्या खोलीत भरलेलं खेळणं दिलं तर बऱ्याच कुत्र्यांचं लक्ष आवाजावरून थोडं हटतं. त्या आठवड्यात चाटायच्या मॅट सगळ्यात आधी संपतात, त्या जादा मागवा.